ताई, माझी गोष्ट कोणी ऑफरच करत नाही!

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, आयटीत आहे आणि कॉलेजपासून फॅनफिक लिहितेय. आमचा सातजणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चौघी पुण्याच्या, दोघी नागपूरच्या आणि एक चेन्नईची, तिला मराठी येत नाही. आम्ही सगळ्या दरवर्षी युलटाइडला, म्हणजे फॅनफिकच्या ऑनलाइन देवाणघेवाणीला, साइनअप करतो. मी दर वेळी एक जुनी मराठी कादंबरी नॉमिनेट करते, रिक्वेस्टमधेही टाकते, पण ती कोणीच ऑफर करत नाही, मला गिफ्ट येतं ते माझ्या दुसऱ्याच कुठल्यातरी रिक्वेस्टवर. ही कादंबरी म्हणजे मराठीतला मैलाचा दगड आहे, समीक्षकांनी तिच्यावर केवढं लिहिलंय, लेखकाला केवढे मानसन्मान मिळाले, भाषा तर अशी की आजकाल कोणाला जमणार नाही, आणि तरी लोकांना तिचं नावही माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. यंदा मी आत्तापासूनच कामाला लागले, तेरा पानांची पीडीएफ बनवून ग्रुपवर टाकली. कोणी उघडलीसुद्धा नाही. एक मैत्रीण वर म्हणाली, "जी गोष्ट एवढी समजावून सांगावी लागते तिच्यात दम नसणार." फार लागलं मला ते. ती स्वतः मात्र कुठल्याशा जुन्या ब्रिटिश सीरियलची लिंक सारखी पाठवत असते (मी अजून उघडली नाहीये, पण ते सोडा). कसं सांगितलं म्हणजे लोक वाचतील? माझ्याकडची प्रत स्कॅन करून पाठवू का? आणि सारखं सारखं सांगितलं तर मी चिकट वाटेन का?
— कोथरूडची फिकवेडी

उत्तर : अगं फिकवेडे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट शोधत होते, की त्या कादंबरीत होतं काय? कोण आहे त्यात? एकाही कॅरेक्टरचं नाव नाही पत्रात, कादंबरीचंही नाव नाही! मैलाचा दगड आहे, समीक्षक आहेत, मानसन्मान आहेत, भाषा आहे. म्हणजे तू लग्नाला स्थळ सुचवताना घराणं, शिक्षण, पगार सगळं सांगितलंस आणि मुलगा बोलायला कसा आहे ते राहूनच गेलं. तेरा पानांत पण हेच असेल तर ती कोणी उघडली नाहीत यात आश्चर्य नाही, आणि कादंबरीचाही त्यात काही दोष नाही.

तुझ्या प्रश्नाकडे येण्याआधी, ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मागे असाच एक प्रश्न आला होता तेव्हा एका काकांनी विचारलं होतं की हे फिक म्हणजे फिक्सिंग का. तर फॅनफिक म्हणजे आपल्या आवडत्या गोष्टीतली माणसं घेऊन आपण लिहिलेली नवीन गोष्ट, आणि मूळ गोष्टीला म्हणायचं कॅनन. युलटाइड हा २००३ पासून दरवर्षी होणारा फॅनफिकचा एक्सचेंज आहे आणि तो मुद्दाम छोट्या फॅनडमसाठीच, म्हणजे ज्यांच्यावर लिहिणारे चाहते थोडेच आहेत अशा गोष्टींसाठीच ठेवलेला आहे, म्हणजे एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन) या फॅनफिकच्या साइटवर ज्या कॅननच्या इंग्रजीतल्या, पूर्ण झालेल्या, १००० शब्दांवरच्या गोष्टी १००० पेक्षा कमी आहेत तेवढीच कॅनन्स त्यात चालतात. आपण आधी कॅनन्स सुचवायची, म्हणजे नॉमिनेट करायची, मग त्यातलं काय हवंय ते मागायचं, काय लिहू शकतो ते ऑफर करायचं, मग ज्याचं ज्याच्याशी जुळेल त्याने त्याच्यासाठी कमीत कमी १००० शब्दांची गोष्ट लिहायची. २५ डिसेंबरला सगळ्यांच्या गोष्टी उघडतात आणि कोणी लिहिलंय ते मात्र १ जानेवारीपर्यंत गुपित असतं. आता १००० च्या अटीचं म्हणशील तर मराठी साहित्यातलं जवळपास काहीही डोळे मिटून उचल, त्यात बसतं. आपल्याकडे जे पुस्तक शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं ते तिथे रेअरच.

आणि म्हणूनच "फारसं माहीत नसलेलं पण महान" या मुद्द्याला त्या गर्दीत काही वजन नाही. तिथे प्रत्येकाच्या झोळीत एक फारसं माहीत नसलेलं आणि महान असतंच की! तुला वाचक नकोय हे लक्षात घे, तुला लिहिणारी पाहिजे. वाचकाला पुस्तक चांगलं आहे एवढं सांगितलं तरी तो कधीतरी वाचतो. लिहिणारी बाई मात्र वेगळंच बघत असते, की यात माझ्यासाठी जागा कुठे आहे? कोण गप्प बसलंय, कोणाचं पत्र आपल्याला वाचायलाच मिळत नाही, कुठला आठवडा लेखकाने एका ओळीत उडवलाय, दार बंद झाल्यावर आत काय झालं. अख्खं पुस्तक जिथे नीट बांधून पूर्ण झालेलं असतं तिथे आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो, फिक लिहायला बसतो ते कुठेतरी काही राहून गेलेलं असतं म्हणून. तुझी कादंबरी तुला वर्षानुवर्षं सुटत नाहीये म्हणजे तुलाही तिच्यात असं काहीतरी सापडलंय नक्की. ते काय आहे तेवढंच सांग ना लोकांना, बाकी सगळं उडव.

उदाहरण देते. तुमच्या चेन्नईवालीसाठी मी काय सुचवेन तर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू'. आपल्या पुण्यातली गोष्ट, मराठीत २००६ ला आली आणि जेरी पिंटोंनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळतं, म्हणजे भाषेची अडचणच संपली, शिवाय लहान आहे, एका रविवारी वाचून होते. आता ही मी तिला "समकालीन मराठीतली महत्त्वाची कादंबरी" म्हणून पाठवली तर ती अंगठ्याचा इमोजी टाकेल आणि विसरेल. मी लिहीन असं : घरात एक पेइंग गेस्ट येतो, भाऊ त्याच्या प्रेमात पडतो, बहीणही त्याच्याच प्रेमात पडते, तो बहिणीबरोबर निघून जातो आणि मग तिलाही सोडतो, अर्धं पुस्तक तनयच्या तोंडून आहे आणि अर्धं अनुजाच्या डायरीतून, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या माणसाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही की त्याची बाजू नाही. संपलं. एवढं वाचून जिच्या डोक्यात किडा वळवळेल ती पुस्तक मागवेल, जिच्या नाही वळवळणार तिला तेरा पानं देऊन पण काही उपयोग नव्हता.

बघ, मी यात शेवट सांगून टाकला. सांगायचा! स्पॉयलर नको म्हणून आपण इतकं गुळमुळीत लिहितो की वाचणारीला कळतच नाही की यात काय आहे, "एका कुटुंबात घडणाऱ्या अनपेक्षित घटनांची मनाला भिडणारी कथा" वगैरे, असं तर कुठल्याही पुस्तकाच्या मलपृष्ठावर असतं. एक्सचेंजच्या आधी सुचवताना शेवट लपवून काहीही मिळत नाही, उलट बहुतेक फिकवाल्यांना शेवटच बदलायचा असतो. ज्यांना आधी कळलेलं अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी वर एक ओळ टाक, पुढे शेवट आहे म्हणून, बास.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' घे. १९३९ चं पुस्तक, एवढंसं आहे, मराठी वाचणाऱ्यांना हे काय सुचवायचं असं वाटेल तुला, पण तुमच्या ग्रुपमधल्या नागपूरच्या दोघींना विचारून बघ, नाव ऐकलंय आणि वाचलं नाहीये असंच उत्तर येईल. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, युद्ध तोंडावर आलेलं, जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा आणि परत येणारा चक्रधर, काही दिवसांचं प्रेम. चक्रधर मुंबईला उतरतो, बोट हॅर्टाला घेऊन पुढे जाते. आता मुंबईच्या पुढचा तो प्रवास, तो रिकामा डेक, चक्रधर ज्या बाकावर बसायचा तिथे आता कोण बसतं, हे हॅर्टाच्या बाजूने कोणी लिहिलं तर? मला स्वतःला हे कोणी दिलं तर मी २५ तारखेला पहाटे उठून वाचेन. सुचवायची ओळ ही अशी पाहिजे, जिच्यात पुस्तक पण आहे आणि तुला त्याचं काय करून हवंय तेही आहे.

आणि अजून एक, लोक छोट्या कॅननला जास्त पटकन हो म्हणतात. पाच मिनिटांत वाचून होणारं असलं की पुढचं सगळं सोपं. मी म्हणेन गाथासप्तशती उघड. तू शाळेत सातवाहन राजा हाल याचं नाव पाठ केलं असशील आणि विसरली असशील, पण महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशेच्या आसपास गाथांमधे जवळपास कोणालाच नाव नाहीये, नुसत्या बायका आहेत, सखी आहे, सासू आहे, वाटसरू आहे, परदेशी गेलेला नवरा आहे, गोदावरीचा काठ आहे, आणि प्रत्येक गाथा दोन ओळींची. एका गाथेत वाटसरू ओंजळीत पाणी पितोय आणि वर बघतोय, बोटं फटीफटीने उघडी ठेवलीयत म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं, आणि पाणपोईवरची ती मुलगी, तिने पण पाण्याची धार बारीक केलीये. एवढंच! पुढे काय झालं काही नाही. मला सांग, स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलत जाणारं प्रेम, म्हणतात ते दुसरं काय असतं? यात हजार शब्द कोणालाही सुचतील. मराठीत स. आ. जोगळेकरांनी केलेली आवृत्ती आहे, आणि चेन्नईवालीसाठी अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी निवडक गाथांचं इंग्रजी केलंय, 'द ॲबसेंट ट्रॅव्हलर' नावाने. तू ग्रुपवर लिंकही टाकू नकोस, ही एकच गाथा तुझ्या शब्दांत लिहून टाक आणि बघ.

याच्या उलट हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. मला फार प्रिय, यमू आणि दुर्गी या दोन मैत्रिणी, आणि दुर्गीच्या वाट्याला जे आलंय ते तिच्याच तोंडून कोणी लिहिलं तर काय होईल असं मला कायम वाटतं. पण ते पुस्तक 'करमणूक' साप्ताहिकामधे हप्त्याहप्त्याने आलेलं आहे, जाडजूड आहे, १८९० च्या सुमाराची भाषा आहे, आणि हे तू ऑक्टोबरात कोणाला दिलंस तर ती तुझ्याशी बोलणं बंद करेल. असलं मोठं काही असेल तर कुठली चार प्रकरणं वाचली की लिहिता येईल ते तूच काढून दे. आणि जुनं पुस्तक सुचवताना त्यात काय काय आहे ते आधी सांगायचं, बालविवाह, विधवेचं केशवपन, मारहाण, जातीवरून केलेली शेरेबाजी, जे असेल ते. एक्सचेंजमधे सगळेजण आपापले डीएनडब्ल्यू, म्हणजे काय अजिबात नको ते, लिहितातच, तर मग कॅननमधे काय आहे ते लपवून कोणाला कशाला अडकवायचं? एकदा असं झालं की तुझ्या पुढच्या सगळ्या सूचना त्या न वाचता सोडतील.

आता कोणाला सांगायचं. ग्रुपवर सगळ्यांना एकदम टाकलेली गोष्ट कोणालाच टाकलेली नसते, सगळ्याजणी समजतात दुसरी कोणीतरी बघेल. तुला अख्खा ग्रुप नकोय, एकजण पाहिजे, फार तर दोघी. सहाजणींचं आत्तापर्यंतचं लिखाण आठव, कोणाला पत्रांतून लिहायला आवडतं, कोण सारखी भुतं आणते, कोण कायम खलनायकाच्या बाजूने असते. तुझ्या कादंबरीतलं जे राहून गेलेलं आहे ते यातल्या कोणाच्या हातचं आहे? तिला एकटीला सांग. आणि मेसेजपेक्षा व्हॉइस नोट कर, तुला सगळ्यात आवडतं ते पान वाचून दाखव, दोन-तीन मिनिटं, पुढे "इथून पुढे तो काय म्हणाला असेल असं मला सारखं वाटतं" एवढंच बोल आणि गप्प बस. पीडीएफ न उघडणारी बाई भांडी घासताना व्हॉइस नोट ऐकते, हे मी खात्रीने सांगते.

वेळेचंही बघ जरा. नॉमिनेशन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात असतं आणि साइनअप त्याच्यानंतर ऑक्टोबरात, म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं यांच्यातच. पुस्तकं सुचवायची ती आत्ता, गणपतीच्या आधी, म्हणजे मागवायला, लायब्ररीतून आणायला, वाचायला वेळ मिळतो. नवरात्रात सुचवायची ती फक्त कथा किंवा कविता. एकदा चकल्यांचं भाजणीचं पीठ आलं की विसर, आणि वर दिवाळी अंक असतात वाचायला, तिथे तुझ्या कादंबरीचा नंबर लागणार नाही. डेडलाइन डिसेंबरच्या मधे कुठेतरी, तेव्हा पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाची गडबड, पण तो तुझा नाही, जी लिहितेय तिचा प्रॉब्लेम.

साइनअप करताना अजून एक बघ, तू किती कॅरेक्टर मागतेस? जितकी जास्त नावं एकत्र मागशील तितकं जुळणं अवघड, कारण समोरचीने तेवढी सगळी ऑफर केलेली असायला पाहिजेत. ज्या एका माणसाशिवाय तुझं अडतं तेवढंच माग, बाकीचे आले तर आनंदच आहे असं पत्रात लिही. आणि आपली गोष्ट लिहिणारीसाठी ते जे डियर युलटाइड रायटर म्हणून पत्र लिहितात त्यात तुझी पीडीएफ जोडू नकोस कृपा करून.

स्कॅनचं. नको. म्हणजे कुठली कादंबरी ते तू सांगितलं नाहीस म्हणून नीट हो-नाही म्हणता येत नाही, पण आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. आपटे १९१९ ला गेले, त्यांचं खुशाल पाठव, स्कॅनही करत बसू नकोस, अशी जुनी पुस्तकं विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात, आधी तिथे बघ. बेडेकर १९९८ ला गेले, त्यांचं नाही चालणार. भाषांतराचा हक्क परत वेगळा असतो, मूळ गाथा दोन हजार वर्षं जुन्या म्हणून मेहरोत्रांचं पुस्तक फुकट वाटता येत नाही. तुझं पुस्तक हक्कात असेल तर पुण्यातल्या तिघींना तुझी प्रत फिरव ना, त्यात काय, किंवा नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, लक्ष्मी रोडला नगर वाचन मंदिर आहे जे १८४८ पासून लोकांना पुस्तकं देतंय, तिथे चौकशी कर, अप्पा बळवंत चौकात विचार. नागपूरकडच्यांना कुरियर कर. पुस्तक हातात पडलं की माणूस निदान चाळतो, आणि प्रत परत करायची असली की वाचतो सुद्धा, हा माझा अनुभव आहे (परत न करणाऱ्यांबद्दल वेगळं पत्र लिही, त्यावर मला बरंच बोलायचंय).

चिकट वाटशील का, तर तेच ते सांगत राहिलीस तर हो. एकदा सांग, मग साइनअपच्या आधी एकदा आठवण कर, तेही त्या एकीलाच, आणि नवीन काहीतरी घेऊन, एखादं वेगळं दृश्य, वेगळा प्रश्न. तिसऱ्यांदा नाही. आणि तरी कोणी ऑफर केलं नाहीच तर तू स्वतः लिही की! एवढी वर्षं दुसऱ्याकडे मागतेयस, तू लिहिलेली त्या कादंबरीवरची एक तरी गोष्ट आहे का एओथ्रीवर? युलटाइडमधे १००० शब्दांच्या आतल्यांसाठी मॅडनेस म्हणून वेगळं कलेक्शन असतं, अजून कोणी ती कादंबरी मागितली असेल तर तिथे तिला ट्रीट, म्हणजे जादाची भेट, म्हणून सहाशे शब्द दे, नाहीतर एओथ्रीवर नुसतीच टाक. कादंबरीच्या टॅगवर क्लिक केल्यावर काहीच नसणं आणि एक गोष्ट असणं यात फार फरक पडतो, कारण अनोळखी माणूस आधी फिक वाचतो आणि मग मूळ पुस्तक शोधतो, हे सगळ्या छोट्या फॅनडममधे असंच चालतं.

राहिली तुझी ती मैत्रीण. "दम नसणार" हे ती बोलली ते चुकीचंच आहे, दम असलेल्या कितीतरी गोष्टी कोणी समजावून सांगितल्या म्हणूनच आपल्यापर्यंत आल्या, तिलाही हे माहीत असणार, नाहीतर ती सीरियलची लिंक सारखी कशाला पाठवली असती. पण तू कंसात टाकून "ते सोडा" म्हणालीस ना, ते काही मी सोडणार नाही. तिची लिंक तू उघडली नाहीस, तिने तुझी पीडीएफ उघडली नाही, दोघी एकमेकींवर रुसून बसलात आणि तुमच्या दोन्ही आवडत्या गोष्टींना लिहिणारी मिळत नाहीये. आज रात्री पहिला एपिसोड बघ आणि तिला फोन कर. बघितलं म्हणून सांगायला नाही, त्यातलं कोण तुला खटकलं, कोणाचं पुढे काय झालं असेल असं वाटलं ते विचारायला. ती अर्धा तास बोलेल, बोलू दे. तुझ्या कादंबरीचा विषय त्या फोनमधे काढू नकोस. आणि मला नाव कळव तिचं, कादंबरीचं म्हणतेय, मला पण वाचायचीये.